रायफल क्लबची नवी नियमावली आणि बिनमताचे सभासद

दहा_पॉइंट_नऊ

आमच्या गावात (पश्चिम महाराष्ट्र, जिल्ह्याचं ठिकाण, याहून जास्त सांगत नाही) एकच रायफल क्लब आहे. मी तिथे एअर पिस्तूल करतो, चाळिशीत जडलेलं खूळ म्हणा. मुलगी एअर रायफल करते, आणि तिचं मात्र खूळ नाही. राज्य स्पर्धेतून पुढे जाण्याइतके गुण तिला पडतात. दिवाळीनंतर नोटीस बोर्डावर दोन पानी नवी नियमावली लागली. खाली 'कार्यकारिणीच्या आदेशावरून' एवढंच. सही कुणाचीच नाही.

संध्याकाळी ५ ते ८ एक ते सहा नंबरच्या लेन आजीव सभासदांना राखीव. एकूण लेन दहा. त्यातल्या नऊ नंबरची पुली अडकते, टार्गेट अर्ध्यात थांबतं, मग सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवायची, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) घालायचे आणि कुणीतरी चालत जाऊन ते ढकलून यायचं. म्हणजे शाळा-नोकरी करून येणाऱ्या आम्हा सगळ्यांना मिळून साडेतीन लेन. आजीव सभासद पाच वाजता येतात हे खरं, पण बहुतेक जण व्हरांड्यात चहा घेत नगरपालिका चालवतात. त्यांच्या लेनवर दिवे चालू, माणूस नाही.

पुढचे नियम: पेलेट (एअर रायफल-पिस्तुलाचे छर्रे) क्लबच्या काउंटरवरूनच घ्यायचे. क्लबच्या प्रशिक्षकाखेरीज कुणाचंही मार्गदर्शन घ्यायचं नाही, 'ऑनलाइनसुद्धा'. दुसऱ्या रेंजवर सराव करायचा तर आधी लेखी परवानगी. क्लबच्या कारभाराबद्दल व्हॉट्सॅपवर लिहिलं तर शिस्तभंग. असोसिएट सभासदाला मत नाही, वार्षिक सभेला बसता येईल पण 'अध्यक्षांच्या अनुमतीने'. आजीव सभासदत्व द्यायचं बरीच वर्षं बंद आहे, त्यामुळे नवीन येणारा प्रत्येक जण असोसिएटच.

सुरक्षेच्या नियमांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. ते आणखी कडक केले तरी चालतील. पण वरच्यातलं काय काय कायदेशीर आहे आणि आमच्यासारख्याने नेमकं काय करावं? भांडायला गेलं तर मुलीचा स्पर्धेचा फॉर्म क्लबमार्फतच जातो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

कंदीपेढा

शेवटच्या वाक्यात सगळं आलं.

शिवाजीपेठ

भावा, नियमावली नाद खुळा आहे. ते ऑनलाइनवालं कसं तपासणार? घरी येऊन मोबाईल बघणार काय?

पेशवाई_मिसळ

हा खेळ मुळात श्रीमंतांचा. दोन-तीन लाखांची परदेशी रायफल खांद्याला लावायची आणि लोकशाहीवर बोलायचं. चालू द्या.

शिवाजीपेठ

@पेशवाई_मिसळ, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे कुठला श्रीमंत होता हो? २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत गेला, सरकारच्या योजनेतून नेमबाजीत आला, २०१५ पासून रेल्वेत नोकरी, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ४५१.४ गुण करून कांस्य. खाशाबांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या माणसाचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आजीव सभासदत्व उघडायची वाट बघत बसला असता तर अजून साडेतीन लेनच्या रांगेत असता.

रेंज_ऑफिसर

एकतर्फी चाललंय, म्हणून लिहितो. मी दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या क्लबच्या कार्यकारिणीत अनेक वर्षं होतो. धागाकर्त्याच्या क्लबशी संबंध नाही.

एअर वेपन सोडा, त्याला परवाना लागत नाही. पण .२२ ची, म्हणजे खऱ्या काडतुसाची हत्यारं क्लबच्या परवान्यावर असतात. काडतूस दिलं की नोंद, उडालं की पुंगळी परत मोजून घ्यायची, न उडालेलं परत. पोलिसांची तपासणी आली आणि नोंदवही आणि पेटी यांत एकाचा फरक निघाला, तर खुर्ची टाकून बसवतात ते सचिवाला. असोसिएट सभासदाला कुणी बोलावत नाही. हे अंगावर घेणारा माणूस स्वभावाने थोडा हुकूमशहा होतोच. ज्यांना नियम जाचक वाटतात त्यांनी एक वर्ष शस्त्रागाराची चावी सांभाळून बघावी.

प्रशिक्षकाचा नियम मी असतो तर मीही केला असता. फायरिंग लाइनवर आवाज एकाचाच पाहिजे. 'स्टॉप' म्हटल्यावर मागून कुणाचे बाबा 'एक शॉट अजून मार' म्हणाले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आजीव सभासदांचंही ऐका. ज्या वेळी तिथे नुसता माळ होता, तेव्हा त्यांनी पैसे घातले, गोळ्या अडवायला मातीचा बंधारा उभा केला. काल आलेल्याने आज मत मागायचं आणि परवा त्या जागेवर बॅडमिंटन कोर्ट करायचा ठराव आणायचा? असं एका गावी खरंच घडलंय.

दहा_पॉइंट_नऊ

@रेंज_ऑफिसर, लाइनवर एक आवाज, शंभर टक्के मान्य. पण मुलगी रविवारी पुण्याच्या एका ताईंना व्हिडिओ पाठवून खांद्याची ठेवण विचारते, त्याने लाइनवर कुणाचा आवाज वाढतो?

आणि पेलेटचं सांगा. तिच्या बॅरलला ४.५० मिलिमीटर व्यासाचं एका कंपनीचं एक लॉट जमतं. क्लॅम्पला लावून तपासलं तर दहा पेलेटचं एकच भोक दिसतं. क्लबच्या काउंटरवर ४.४९ चे वेगळ्या कंपनीचे डबे आहेत, त्यांनी तेच भोक फुलाएवढं होतं. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. तुम्ही स्वतः खेळलेले आहात, तुम्हाला हे मी सांगायला नको. काउंटर कुणाच्या मेव्हण्याचा आहे हे नोटीस बोर्डावर नाही, पण गावाला माहीत आहे.

रेंज_ऑफिसर

पेलेटच्या बाबतीत तुमचं बरोबर. त्याचं समर्थन करत नाही.

जुना_सभासद

वय झालंय, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

या क्लबांचा स्वभाव असा का, हे समजायला मागे जावं लागतं. नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ साली स्थापन झाली. पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, पहिल्या लोकसभेचे सभापती. त्यांच्या नावाची स्पर्धा खेळून आजही पोरं राष्ट्रीयला जातात, पण मावळंकर कोण हे दहातल्या नवांना सांगता येत नाही. त्या काळातला विचार असा, की नागरिकाला बंदूक नीट धरता यावी, देशाला उपयोग होईल. म्हणून जिल्ह्या-जिल्ह्यात क्लब निघाले, आणि आमच्याकडे तरी अध्यक्ष पदसिद्ध: कधी कलेक्टर, कधी एसपी. सभासद म्हणजे डॉक्टर, वकील, दोन-चार बागायतदार, एखादे संस्थानिक. खेळ हा मुद्दा दुय्यम होता. क्लबची शिस्त परेड ग्राउंडवरून आली आणि सभासदांची यादी जिमखान्याकडून. ते दोन्ही अजून तसंच आहे, मधल्या काळात खेळ मात्र पार बदलला.

आमच्या वेळी .२२ ची काडतुसं मोजून मिळायची. परदेशी माल, कोटा ठरलेला. सचिवांच्या कपाटात चांगली पेटी आणि साधी पेटी वेगवेगळी असे. कुणाला कुठली, हे सचिवांच्या मर्जीवर. आमच्यातला एक उत्तम नेमबाज सचिवांच्या मुलाच्या लग्नाला गेला नाही, आणि पूर्ण मोसम साध्या पेटीवर खेळला. आता काउंटरवरचे पेलेट ऐकून हसू आलं.

तुम्ही तक्रार करताय म्हणून वाईट वाटून घेऊ नका, पण आजीव सभासदांमध्ये मीही आहे, आणि चहा पीत व्हरांड्यात बसणाऱ्यांतही. गुडघ्यांमुळे उभं राहून नेम होत नाही. आमची लेन तुम्हाला दिली तर आमचं काही जात नाही. आम्हाला कुणी विचारलेलंच नाही. नियम आमच्या नावावर झालेत एवढंच.

ठाणेकर_आई

@जुना_सभासद काका, अजून लिहा.

आमच्याकडे क्लब नाही, खासगी अकादमी. रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोत जगज्जेता झाला तेव्हापासून आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक दुसऱ्या मुलाला एअर रायफल पाहिजे. इलेक्ट्रॉनिक टार्गेट, एसी हॉल, वेळेचं ॲपवर बुकिंग. राजकारण नाही कारण मतच नाही. फी भरा, खेळा, पटलं नाही तर निघा. फी इतकी आहे की नवऱ्याला अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

पण ज्यांना वाटतं की खासगीत गेलं की सुटलो, त्यांनी आधी एक विचारावं: तुमची अकादमी राज्य संघटनेशी संलग्न आहे का? आमची नव्हती. पहिल्या स्पर्धेच्या वेळी कळलं की प्रवेशिका संलग्न क्लबाच्या लेटरहेडवरूनच जाते. मग कुठल्या तरी क्लबचं कागदोपत्री सभासदत्व घ्यायला धावपळ, आणि त्या क्लबच्या सचिवांसमोर हात जोडून उभं राहणं. म्हणजे फी इथे, नमस्कार तिथे.

कंदीपेढा

आचारसंहितेचा किस्सा कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो.

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. राष्ट्रीय संघटनेचे सदस्य असलेल्या आणि स्पर्धा खेळणाऱ्या नेमबाजांना यातून सूट देण्याची तरतूद आयोगाच्या सूचनांमध्येच आहे, पण ठाण्यात जाऊन ती दाखवायला जीव काढावा लागतो, तो वेगळा विषय.

तर आमच्या क्लबाने काय केलं, आचारसंहिता लागल्याच्या दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप. .२२ ची रेंज बंद, समजू शकतो. एअर रेंजही बंद! ज्या हत्यारांना परवानाच लागत नाही ती कुठे जमा करायची? 'वरून आदेश आहे.' आदेश दाखवा म्हटलं तर 'तोंडी आहे.' राज्य स्पर्धा तोंडावर, पोरं घरात भिंतीला ठिपका चिकटवून ड्राय फायर (छर्रा न घालता नुसता चाप ओढणं) करत बसली.

खरी मजा पुढे. क्लबच्या कार्यकारिणीची मुदत त्याच महिन्यात संपत होती. वार्षिक सभा आणि निवडणूक 'आचारसंहितेमुळे तहकूब'. लोकसभेच्या आचारसंहितेचा आणि रायफल क्लबच्या खजिनदाराच्या निवडीचा संबंध काय, हे विचारणाऱ्याला उत्तर मिळालं नाही. मग विधानसभा लागली. मग पावसाळा. मग स्थानिक स्वराज्य. कार्यकारिणी अजून तीच.

शिवाजीपेठ

खजिनदार पण गाडीत पिस्तूल ठेवून बूथ फोडेल अशी भीती असंल 😂

हायडलबर्ग_कट्टा

इथे जर्मनीत गावोगावी शुट्झेनफेराइन, म्हणजे नेमबाजीचे क्लब असतात, मी आमच्या गावच्या एकात आहे. नियम भारतापेक्षा कडक आहेत. स्वतःचं हत्यार घ्यायचं तर आधी किमान वर्षभर सभासद राहून नियमित सराव केल्याचा पुरावा लागतो: महिन्यातून एकदा किंवा वर्षात अठरा वेळा. पंचविशीच्या आतल्याला मानसिक तपासणीचा दाखलाही. घरी तिजोरी आहे का बघायला सरकारी माणूस न सांगता येऊ शकतो. क्लब सोडला तर क्लबाने सरकारला कळवायचं. म्हणजे लेटरहेडची ताकद इथेही आहेच.

राजकारणही आहे. छताच्या पन्हळीवरून दोन घराणी बोलत नाहीत. पण दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या. सरावाची वही प्रत्येकाच्या स्वतःच्या हातात असते, रेंजवरच्या माणसाने सही करायची, नाही म्हणायला त्याला जागा नाही. आणि कामाचे तास. वर्षाकाठी ठरावीक तास रेंजवर काम करायचं, गवत कापा, रंग द्या, उत्सवात बिअर वाढा. नाही केलं तर तासाप्रमाणे पैसे भरा. अध्यक्षसुद्धा झाडू मारताना दिसतो. नऊ नंबरची पुली इथे इतके दिवस अडकली नसती.

पेशवाई_मिसळ

बिअर वाढायची असेल तर आमच्याकडे उद्या आजीव सभासदत्व उघडेल.

वकील_बाई

धर्मादाय आयुक्त कार्यालयात रोज जाणं असतं, म्हणून जरा सविस्तर.

असे क्लब बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि जोडीला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदलेले असतात. दोन्हींचा अर्थ एकच: क्लबला लिखित घटना आहे आणि ती कार्यालयात जमा आहे. नोटीस बोर्डावरची नियमावली ही घटना नव्हे. रेंजच्या वेळा, लेन, बूट कुठे काढायचे, हे कार्यकारिणी ठरवू शकते. सभासदाचा मताचा हक्क काढून घ्यायचा तर घटनेत तशी तरतूद पाहिजे किंवा सर्वसाधारण सभेत रीतसर दुरुस्ती. म्हणून पहिलं काम, घटनेची प्रत मिळवा. क्लब देणार नाही. धर्मादाय कार्यालयात नकलेसाठी अर्ज करा. त्याच वेळी परिशिष्ट एकचा (संस्थेच्या नोंदणीचा) उतारा मागा. त्यावर विश्वस्त म्हणून कुणाची नावं आहेत ती बघा. निवडणूक झाली की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. पुष्कळ संस्थांत उताऱ्यावर स्वर्गवासी झालेली माणसं अजून विश्वस्त असतात, आणि जे खुर्चीवर बसलेत त्यांचा बदल अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित असतो. @कंदीपेढा, तुमच्याकडे हेच निघेल असं माझं मन सांगतं. लेखापरीक्षणाचे अहवालही तिथेच मागता येतात. पेलेटच्या काउंटरचं उत्पन्न क्लबच्या खात्यात दिसतं की नाही, तेवढं एक पान काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण यात माणसं फसतात. १८६० च्या कायद्याचं कलम १५ म्हणतं, तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकली तर त्या सभासदाला मत नाही आणि सभासद म्हणून मोजायचंही नाही. यावरचा डाव ठरलेला आहे. निवडणुकीच्या वर्षी विरोधातल्या लोकांची वर्गणी घेतच नाहीत. 'पावती पुस्तक संपलंय', 'कारकून रजेवर आहे', 'पुढच्या आठवड्यात या'. तीन महिने उलटले की मतदार यादीतून नाव गळालं, आणि थकबाकीदार तुम्हीच. त्यामुळे वर्गणी रोख द्यायला जाऊच नका. बँकेतून क्लबच्या खात्यात, आणि त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पत्र, पोचपावतीसह. खाते क्रमांक देत नसतील तर मनीऑर्डर करा. नाकारली तर नाकारल्याचा शेरा पोस्टमन लिहून देतो, आणि त्या शेऱ्याला सुनावणीत सोन्याची किंमत येते.

व्हॉट्सॅपबंदी आणि 'दुसरीकडे सराव नको' हे लगेच कोर्टात न्यायच्या लायकीचं नाही. कारवाई झाली तर बघू. शिस्तभंगात नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी न देता काढलं, तर मात्र ते टिकणं अवघड असतं.

ठाणेकर_आई

बाई, पण मुलीच्या फॉर्मचं काय? बदल अर्जाची सुनावणी लागेपर्यंत तिचा ज्युनियर गट संपेल.

वकील_बाई

म्हणूनच फॉर्मची बाब वेगळी ठेवा, कारभाराच्या भांडणात मिसळू नका. अंतिम तारखेच्या बऱ्याच आधी क्लबला लेखी अर्ज, सोबत गुणांचे दाखले, पोच घ्या. तारखेच्या दहा दिवस आधी स्मरणपत्र, प्रत राज्य संघटनेला आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना. दोन्ही पत्रांत एक शब्दही तक्रारीचा नको. कागदावर नकार द्यायला सचिव कचरतात, ते तोंडी नकार देतात. कागद पुढे गेला की बहुतेक वेळा सही होते.

रेंज_ऑफिसर

हे अगदी खरं आहे. सचिव असताना मला कागदाचीच भीती वाटायची.

धागाकर्त्यांना एक सल्ला. राखीव लेनवर भांडू नका, एवढंच मागा: 'राखीव लेनवर पंधरा मिनिटं कुणी आलं नाही तर ती सर्वांना खुली'. नाक कुणाचंच कापलं जात नाही. आमच्याकडे असंच केलं आणि राखीव हा शब्द दोन वर्षांत आपोआप बोर्डावरून गेला.

शिवाजीपेठ

पण मताचं काय? लेन मिळाली की गप्प बसायचं?

रेंज_ऑफिसर

मताच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. पाच वर्षं सलग खेळलेल्याला द्यावं, आल्या आल्या नको. बॅडमिंटन कोर्ट मी विसरलेलो नाही.

जुना_सभासद

पाच वर्षं चालतील, पण मग आमच्यासारख्या न खेळणाऱ्यांनाही तीच अट लावा. बघू किती मतं उरतात.

कंदीपेढा

काका 🙏

दहा_पॉइंट_नऊ

सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहितो.

घटनेची नक्कल मिळाली. जुनं टंकलेखन, काही पानं कुरतडलेली, पण वाचता येतं. असोसिएट हा प्रकार त्यात कुठेच नाही. सभासद तीन प्रकारचे: आश्रयदाते, आजीव, साधारण. साधारण सभासदाला एक वर्षानंतर मत आहे. असोसिएट कधी आणि कुठल्या ठरावाने सुरू झाले, हे आता लेखी विचारलंय. परिशिष्ट एकवर जे अध्यक्ष आहेत त्यांच्या नावाचा चौक गावात आहे, पुतळ्यासकट.

मुलीचा फॉर्म गेला. पत्र दिल्यावर आधी शिपायाने पोच द्यायला नकार दिला, मग आतून सचिवच आले, पत्र दोनदा वाचलं, त्यात तक्रार शोधली, सापडली नाही, सही केली.

पंधरा मिनिटांचा प्रस्ताव मी दिला. आजीव सभासदांपैकी व्हरांड्यातल्या अकरा जणांनी त्यावर सह्या केल्या, पहिली सही कुणाची ते इथले एक जण ओळखतील. कार्यकारिणीने 'विचाराधीन' असं लिहून ठेवलंय. पेलेटचा नियम अजून आहे. काउंटरवरून एक डबा विकत घेऊन पावती ठेवतो आणि मुलगी स्वतःचा डबा उघडते, असं सध्या चाललंय.

वकील_बाई

पावत्या फेकू नका. असोसिएटच्या पत्राला उत्तर आलं नाही तर तीस दिवसांनी मला व्यक्तिगत निरोप करा, सहायक आयुक्तांकडे अर्ज कसा लिहायचा ते सांगते. आणि पुढच्या वर्षीची वर्गणी 'साधारण सभासद' असं लिहूनच पाठवा.

शिवाजीपेठ

आणि नऊ नंबरची पुली?

दहा_पॉइंट_नऊ

दोरी बदलली, आम्हीच, रविवारी. सोमवारी नोटीस लागली: 'क्लबच्या मालमत्तेस परवानगीशिवाय हात लावू नये.'